समुद्र तिकडं, जीव इकडं

या अंकासाठी आलेल्या पत्रांमध्ये समुद्राची पत्रं इतकी निघाली की संपादकांनी सगळा गठ्ठा माझ्याकडं सरकवला. माझं माहेर हर्णै, सासर अंबाजोगाई, आणि नोकरी भूगोल शिकवण्याची, सुटका नव्हतीच. मराठवाड्याला किनारा नसला तरी मराठवाड्याची मुलं किनाऱ्यावर आहेत. कुणी बंदरात, कुणी नौदलात, कुणी चेन्नईच्या कंपनीत. काळजी करणारी माणसं मात्र इकडं. पत्रं थोडी कापली आहेत, नावं वगळली आहेत.

प्रश्न : धाकटा मुलगा रत्नागिरी जिल्ह्यात एका बंदराजवळ बर्फाच्या कारखान्यात कामाला आहे. खोली समुद्रापासून चालत पाच मिनिटांवर. जुलै २०२५ मध्ये रशियाकडं मोठा भूकंप झाला तेव्हा टीव्हीवर जपानची माणसं उंचावर पळताना दाखवली. त्याच्या आईनं दिवसभर फोन लावला. पोरगं कामात होतं, शेवटी चिडलं. कोकणाला त्सुनामीचा हा धोका आहे का? असला तर आम्ही इथून काय करावं? ही म्हणते, नोकरी सोडून ये म्हणावं त्याला. (एक वडील, औसा तालुका)

उत्तर : नोकरी सोडायचं कारण नाही, हे आधी वहिनींना सांगा. कामचाटकाचा तो भूकंप ८.८ तीव्रतेचा होता, पण तो प्रशांत महासागरातला. भारताला त्यापासून धोका नाही, असं आपल्या त्सुनामी केंद्रानं त्याच दिवशी जाहीर केलं होतं. वहिनींचा दिवस त्यापायी फुकट गेला.

कोकणाला धोका आहे तो दुसऱ्या बाजूनं. पाकिस्तान आणि इराणच्या दक्षिण किनाऱ्याला मकरान म्हणतात. तिथं समुद्राखाली एक भूपट्ट दुसऱ्याखाली सरकतो. २८ नोव्हेंबर १९४५ च्या पहाटे तिथं ८.१ तीव्रतेचा भूकंप झाला. पसनी, ओरमारा ही गावं पाण्यानं धुतली, कच्छला तडाखा बसला, आणि सकाळी आठच्या सुमारास मुंबईत सुमारे दोन मीटरची लाट आली. माणसं वाहून गेली. असं वारंवार घडत नाही. पण एकदा घडलं आहे, म्हणजे पुन्हा घडू शकतं.

आता त्या वेळांकडं बघा. भूकंप पहाटे, मुंबईत पाणी सकाळी. मधे काही तास मिळाले. चार हजार मीटर खोल पाण्यात ही लाट ताशी सातशे किलोमीटरनं धावते, उथळात आली की तीस-चाळीसवर येते आणि उंच होते. म्हणजे मकरानला काही झालं तर तुमच्या मुलाच्या हातात वेळ असेल. अडचण वेगळीच आहे. भूकंप इतक्या लांबचा की त्याच्या पायाखालची जमीन कदाचित हलणारच नाही. त्याला कळणार ते मोबाइलवरच्या इशाऱ्यावरून, पोलिसांच्या भोंग्यावरून, ग्रामपंचायतीच्या माणसाकडून. तेव्हा पहिलं काम : फोनवरचे आपत्तीचे इशारे त्यानं बंद केलेले नाहीत ना, ते विचारा. मोठा आवाज करतात म्हणून पोरं बंद करून ठेवतात.

दुसरं काम पायांचं. समुद्रसपाटीपासून तीस मीटर उंच, नाहीतर किनाऱ्यापासून तीन किलोमीटर आत, हा साधारण हिशोब धरतात. अलिबागकडं सपाटी आहे, तिथं हे अवघड जातं. रत्नागिरीकडं मात्र गावाच्या पाठीशी बहुतेक ठिकाणी चढ असतो. आमच्या माहेरी घरामागून पाखाडी चढली की सडा, म्हणजे वरचं सपाट पठार, लागतो. जांभ्या दगडाच्या त्या पायऱ्या आजी डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन उतरायची. तुमच्या मुलाच्या खोलीजवळही अशी पाखाडी असेल. ती त्यानं एकदा दिवसा आणि एकदा रात्री टॉर्च घेऊन चढावी, किती मिनिटं लागतात ते घड्याळात बघावं. पावसाळ्यात पुन्हा एकदा, कारण शेवाळ धरलेल्या जांभ्यावर चपला टिकत नाहीत. घरमालकांना विचारलं तर ते वाट दाखवतीलच, वर चहाही पाजतील.

मोटारसायकल काढायची नाही. कोकणातल्या गल्ल्या तुमच्या औशाच्या रस्त्यासारख्या नसतात. दोन्ही बाजूंना दगडी गडगे, आणि एक टेम्पो आडवा झाला की मागचे सगळे अडकले. चालत जाणारा निघून जातो, गाडीवाला हॉर्न वाजवत बसतो.

वर गेल्यावर खाली कधी यायचं? इथंच जास्त माणसं फसतात. त्सुनामी ही एक लाट नसते, लाटांची रांग असते. दोन लाटांमध्ये दहा मिनिटं जातात, कधी तासभरही जातो, आणि पहिली लाट सगळ्यात मोठी असतेच असं नाही. पाणी ओसरलं म्हणून घर बघायला, बोट सावरायला खाली गेलेला माणूस पुढच्या लाटेत सापडतो. प्रशासनानं धोका टळला म्हणेपर्यंत वरच बसायचं, मग त्यात सहा तास जावोत की रात्र जावो. कागदपत्रांचे फोटो आजच काढून तुम्हाला पाठवायला सांगा, म्हणजे परत जायला निमित्त उरणार नाही.

आता तुमचं काम, म्हणजे औशातलं. पत्रात तुम्ही विचारलेला खरा प्रश्न हाच आहे. त्या वेळी मुलाला फोन करायचा नाही.

हे वहिनींना पटणं कठीण आहे, मला ठाऊक आहे. १९९३ साली किल्लारी हादरली त्यानंतर अंबाजोगाईच्या स्टँडवर माणसं हातात चिठ्ठ्या घेऊन हिंडत होती. चिठ्ठीवर गावाचं नाव, माणसाचं नाव. येणाऱ्या प्रत्येक गाडीतल्या माणसाला विचारायचे. तेव्हापासून आपल्याकडं एक पक्कं बसलं आहे : संपर्क होत नाही म्हणजे माणूस गेलं. पण इशारा आला की सगळा जिल्हा एकाच वेळी फोन लावतो आणि लाइन तुंबते. लागलाच तर मुलगा पाखाडीवर उभा राहून आईला समजावत बसतो. हात धरायचा तर रेलिंगला, तो फोनला गुंतलेला.

म्हणून आधीच ठरवा. तो वर पोचल्यावर एक एसएमएस टाकेल, 'वर आलो', एवढाच. कॉल लागत नसतानाही एसएमएस पुष्कळदा जातो. तो औशाच्या घरच्या एकाच नंबरवर येईल, आणि मामा, मावशी, सासुरवाडी सगळ्यांनी चौकशी तुमच्याकडं करायची, त्याच्याकडं नाही. तुमचं घर हे बातमीचं ठाणं. किनाऱ्यापासून लांब असणारा असा एक नंबर प्रत्येक कुटुंबाला लागतो, आणि तो तुमच्याकडं आयता आहे. एका वहीत त्याच्या घरमालकाचा, कारखान्याचा आणि सोबत राहणाऱ्या दोन मुलांचा नंबर लिहून ठेवा. त्या मुलांच्या आईबापांचेही नंबर घ्या. ते बहुधा आपल्याकडचेच निघतील.

प्रश्न : मिस्टर केंद्रीय दलात, पोस्टिंग पोर्ट ब्लेअरला. जूनमध्ये मी, दोन वर्षांचं लेकरू आणि सासूबाई तिकडं राहायला जातोय. क्वार्टर तळमजल्यावर मिळतंय. सासूबाईंचे गुडघे गेलेत, जिना चढताना बसत बसत जातात. त्सुनामीचं निघालं तेव्हा मिस्टर म्हणाले, पळावं लागतं. सासूबाई म्हणाल्या, मला सोडून पळायचं ठरवून नेणार असाल तर मी नांदेडलाच बरी. तेव्हापासून घरात कुणी धड बोलत नाही. (एक सून, नांदेड)

उत्तर : ताई, वरच्या पत्राचं उत्तर तुम्ही वाचलं असेल तर ते बाजूला ठेवा. अंदमानचा हिशोब कोकणासारखा नाही.

२६ डिसेंबर २००४ ला सकाळी साडेसहाच्या सुमारास सुमात्राजवळ ९.१ तीव्रतेचा भूकंप झाला. चेन्नईला पाणी पोचायला दोन तासांहून जास्त लागले. निकोबारच्या बेटांना काही मिनिटंच मिळाली, कार निकोबारचा हवाई दलाचा तळ पाण्याखाली गेला. पोर्ट ब्लेअर, म्हणजे २०२४ पासूनचं श्री विजयपुरम, वेळेच्या हिशोबात या दोहोंच्या मधलं, पण निकोबारच्या जवळचं. तिथं इशाऱ्याची वाट बघायची नाही. भूकंप हाच इशारा. उभं राहता येऊ नये इतका जोराचा हादरा, किंवा थांबता थांबत नाही असा, वीस सेकंदांहून लांबलेला हादरा : हलत असेपर्यंत टेबलाखाली किंवा भक्कम आडोशाला डोकं झाका, थांबलं की निघा. टीव्ही लावू नका. मिस्टरांना फोन लावू नका. ते ड्यूटीवर असतील आणि घरी येणार नाहीत, असंच धरून चाला.

आता सासूबाई. त्यांचं म्हणणं मला रास्त वाटतं आणि ते रागापुरतं घेऊ नका. सत्तरीतल्या बाईनं गुडघे घेऊन धावावं अशी योजना चुलीत घाला. त्यांना धावावं लागणार नाही अशा जागी घर घेणं, ही योजना. पोर्ट ब्लेअर चढउताराचं गाव आहे. मिस्टरांना सांगा, क्वार्टर बदलून मागा, आणि कारण लेखी द्या. मला विचाराल तर किनाऱ्याजवळच्या तिसऱ्या मजल्यापेक्षा टेकडीवरचा तळमजला शंभर पटीनं चांगला. रोजचा जिनाही वाचतो आणि पाण्याच्या दिवशी घरातच बसून राहता येतं. आणखी एक कारण आहे. २००४ च्या भूकंपात तिथली जमीनच सुमारे मीटरभर खचली आणि सखल भागांत नंतरही भरतीचं पाणी शिरत राहिलं. सखलातलं घर तसंही नको.

टेकडीवरचं मिळालंच नाही तर जवळची तीन-चार मजली काँक्रीटची पक्की इमारत हेरून ठेवा. शाळा, दवाखाना, दुसरं क्वार्टर, काहीही. वेळ कमी असेल तेव्हा लांब जाण्यापेक्षा वर जाणं बरं. तिसरा मजला किंवा त्याच्या वर. सासूबाईंसाठी हातांची प्लास्टिकची खुर्ची घ्या, दोन माणसं दोन बाजूंनी उचलतात. ही दोन माणसं कोण ते नावानिशी ठरलेलं हवं, आणि त्यांच्या गैरहजेरीतली आणखी दोन. शेजारी दलातलेच असतील, लाजू नका. गेल्या गेल्या पहिल्या रविवारी सासूबाईंना खुर्चीत बसवून एकदा वर नेऊन आणा. त्या ओरडतील, हसतील, पण मग त्यांना खात्री पटेल. ते तोंडी सांगून पटत नाही.

लेकरू तुमच्या अंगाला बांधलेलं असू द्या. आपल्याकडं बाया शेतात जाताना पाठीशी झोळी बांधतात तशी साडीची झोळी चालेल. हात मोकळे राहतात. दाराच्या खिळ्याला एक पिशवी : सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या, टॉर्च, पाण्याची बाटली, लेकराचे कपडे, शिट्टी. तीन किलोपेक्षा जड झाली की ती पिशवी नव्हे, ओझं. हाताला लागली तर घ्या, नाहीतर राहू द्या.

जपानमध्ये ११ मार्च २०११ च्या त्सुनामीत ओकावा नावाच्या एका प्राथमिक शाळेत ७४ मुलं आणि १० शिक्षक गेले. भूकंपानंतर जवळजवळ पन्नास मिनिटं मुलं पटांगणात उभी होती. शाळेच्या मागं टेकडी होती. कुठं जायचं याची चर्चा चालू होती. तुमच्या घरातला अबोला मला त्या चर्चेपेक्षा धोक्याचा वाटत नाही, पण तो जूनच्या आधी मिटवा. सासूबाईंना हे पान वाचून दाखवा आणि क्वार्टरचा अर्ज त्यांच्यासमोर लिहा.

प्रश्न : डिसेंबरात नववीची सहल अलिबाग-मुरूडला नेतोय, दोन एसटी. मुलांनी समुद्र पाहिलेला नाही. पालकसभेत एका आजोबांनी त्सुनामीचं विचारलं आणि मला उत्तर देता आलं नाही. (शिक्षक, वसमत)

उत्तर : सर, आजोबांना नमस्कार सांगा, आणि हेही सांगा की मुरूडच्या समुद्रात तुमच्या मुलांना त्सुनामीपेक्षा साध्या भरती-ओहोटीची भीती जास्त आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये तिथंच पुण्याहून सहलीला आलेली १४ मुलं बुडाली. त्या दिवशी ना भूकंप होता ना वादळ. मुलं गुडघ्याच्या वर पाण्यात जाणार नाहीत, आणि भरतीची वेळ आदल्या दिवशी स्थानिक कोळ्याला किंवा हॉटेलवाल्याला विचारलेली असेल, या दोन गोष्टी पाळल्यात तर तुमचं नव्वद टक्के काम झालं.

उरलेलं असं. समुद्र अचानक मागं गेला की पळायचं, हे मुलांनी कुठंतरी ऐकलेलं असतं. पण समुद्र न पाहिलेल्या मुलाला ओहोटी म्हणजे काय तेच ठाऊक नसतं! अलिबागला ओहोटीला पाणी इतकं हटतं की माणसं कुलाबा किल्ल्यात चालत जातात. ते पाहून तुमचं एखादं पोर किंचाळत सुटेल. त्यांना आधी सांगा : भरतीची ओहोटी व्हायला सहा तासांच्या आसपास लागतात, पाणी हळूहळू सरकतं, आणि गावातली माणसं निवांत असतात. पाच-दहा मिनिटांत तळ उघडा पडला, मासे तडफडताना दिसले, समुद्रातून गाडीसारखा घरघर आवाज आला, तर ती ओहोटी नव्हे. शिंपले वेचायचे नाहीत, फोन काढायचा नाही.

अलिबागच्या किनाऱ्याला लागून टेकडी नाही. म्हणून उतरल्याबरोबर एक उंच पक्की इमारत मुलांना बोट करून दाखवा. हजेरी वाळूवर घ्यायची नाही, वर गेल्यावर घ्यायची. जोड्या लावून द्या, प्रत्येकानं आपल्या जोडीदाराचा हात धरायचा. एसटी जिथं उभी आहे तिथंच राहू द्या. ड्रायव्हरदादांनाही मुलांबरोबर वर बोलवा, ते गाडी सोडायला तयार नसतात.

प्रश्न : आमच्याकडं प्यायला पाणी नाही आणि तुम्ही लाटांवर पानं खर्च करता. त्सुनामी लातूरला येणार आहे का? (लातूर)

उत्तर : नाही येणार. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं तुमच्या गावाला पाणी आलं, ते मी विसरलेले नाही. नळपट्टी आणि टँकरची पत्रं पुढच्या अंकात आहेत. पण भारताचं त्सुनामी इशारा केंद्र २००७ पासून हैदराबादेत चालतं. तिथंही समुद्र नाही. रात्रंदिवस माणसं बसून हिंदी महासागरातल्या भूकंपांवर डोळा ठेवतात आणि इशारे काढतात. लातूरच्या ज्या घरातलं पोरगं विशाखापट्टणमला नौदलात आहे, त्या घरानं अर्धं पान वाचलं तर तुमचं काय गेलं?

प्रश्न : आमच्या ग्रुपवर 'उद्या पहाटे अरबी समुद्रात त्सुनामी, सगळ्यांना पाठवा' असा मेसेज आला. माझा भाऊ वेंगुर्ल्याला असतो. मी त्याला पाठवला, तो म्हणाला खोटा आहे. खरा कसा ओळखायचा? (गंगाखेड)

उत्तर : 'उद्या' हा शब्द दिसला की मेसेज खोटा. भूकंप कधी होणार हे आधी कुणालाच सांगता येत नाही, त्यामुळं उद्याची त्सुनामीही सांगता येत नाही. खरा इशारा नेहमी घडून गेलेल्या भूकंपावर येतो : अमुक वाजता, अमुक ठिकाणी, इतक्या तीव्रतेचा, आणि अमुक किनाऱ्यावर लाट अमुक वाजता अपेक्षित.

शिकली-सवरलेली माणसंही फसतात. २००४ च्या त्सुनामीनंतर चारच दिवसांनी, ३० डिसेंबरला, एका परदेशी खासगी कंपनीच्या अंदाजावरून केंद्र सरकारनंच सावधानतेचा इशारा काढला होता. तामिळनाडूच्या किनाऱ्यावर मदतकार्य टाकून माणसं पळाली. लाट आली नाही. तेव्हा आपल्याकडं स्वतःचं इशारा केंद्र नव्हतं. आता हैदराबादचं केंद्र तीन पायऱ्यांनी बोलतं. 'वॉर्निंग' म्हणजे किनारा रिकामा करा, 'अलर्ट' म्हणजे पाण्यापासून आणि वाळूपासून दूर राहा, 'वॉच' म्हणजे लक्ष ठेवा, हलायची गरज नाही. भावाला एवढंच विचारा की तीनपैकी कोणतं आहे. वेंगुर्ल्यात मासेमारीला जाणारा कुणी ओळखीचा असेल तर त्याला हेही ठाऊक असू द्या : बोट खोल समुद्रात असताना वॉर्निंग आली तर बंदराकडं वळायचं नाही, आणखी खोल पाण्यात जायचं. खोल पाण्यात ही लाट बोटीला जाणवतही नाही, बंदरात मात्र ती बोटी एकमेकींवर आपटते.

राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं 'सचेत' हे अॅप घ्या, मात्र त्यात ठिकाण गंगाखेड न ठेवता सिंधुदुर्ग जिल्हा जोडा, नाहीतर तुम्हाला गोदावरीच्या पुराचेच इशारे येत राहतील. तेही तुमच्या कामाचे आहेतच. जायकवाडीतून विसर्ग वाढला की ते वाचा. आणि फोनची एक गोम : १०७७ हा जिल्हा नियंत्रण कक्षाचा नंबर आहे खरा, पण तो तुम्ही गंगाखेडहून फिरवलात तर परभणीचा कक्ष लागण्याची शक्यता जास्त, आणि त्यांना वेंगुर्ल्याचं काय माहीत! सिंधुदुर्गच्या जिल्हा नियंत्रण कक्षाचा पूर्ण नंबर एसटीडी कोडसकट भावाकडून मागवा, आणि एकदा साध्या दिवशी लावून बघा, कुणी उचलतं का ते.